मोटारघराच्या छताची गाडी: प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

साहित्य संमेलनाची गर्दी ओसरली, मांडववाले मोकळे झाले, म्हणून त्यांचीच चार पोरं आणि दोर घेऊन आज शेतात गेलो आणि विहिरीवरच्या मोटारघराचं छत उतरवलं. सगळं गाव त्याला छत म्हणतं, पण ती दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची फायबरची बॉडी आहे, मधे बसायची जागा उघडी होती तिथे आमच्या वडिलांनी पत्रा ठोकलेला. हेडलाइटच्या एका खड्ड्यात गांधीलमाश्यांचं पोळं निघालं, त्यात अर्धा तास गेला. बॉडी खाली आली तशी एक पोरगा पुढून मागून फिरून म्हणे, "नाना, हाई काय शे? नाव शे का?" म्हटलं होडी नाही भो, गाडी शे. त्याला पटलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच लिहून ठेवतो. १९८६ ते १९९२ मी भोसरीला एका छोट्या कंपनीत होतो, नाव लिहीत नाही, शेठची मुलं अजून तिकडेच आहेत. प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं-मागचं सस्पेन्शन घ्यायचं, खाली आपली पाइपाची चॅसी, वर आपली फायबरची बॉडी, असा धंदा. कंपनी बंद पडायच्या वेळी पगार अर्धवट होते तर शेठ म्हणाले की ज्याला जे पाहिजे ते घेऊन जा. कोणी लेथचे टूल नेले, कोणी कॉम्प्रेसर, मी एक तयार बॉडी घेतली. चोपड्याकडची केळी पुण्याला उतरवून एक ट्रक रिकामा परत येत होता, त्याच्यावर दोराने बांधून आणली, आणि घरी आल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे पावसात टिकते का. टिकली.

१८ फेब्रुवारी

धुतली. लाल रंग होता तो उन्हाने गुलाबी झाला, हात फिरवला की पांढरी भुकटी येते. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत रेझिनचा थर, वरून मेलाय, खालचा थर मात्र ठणठणीत आहे. नाण्याने ठोकत गेलो, जिथे टण टण वाजतं ते चांगलं, जिथे बद्द वाजतं तिथे थर सुटलेत. उजव्या दरवाजाखाली आणि मागे डिकीच्या कडेला असे दोन पट्टे निघाले, बाकी पास.

तारेसारखे तडे बरेच आहेत, एका बिंदूपासून चारी बाजूला गेलेले, म्हणजे आतून कोणीतरी ठोकलंय. अँगल लावताना वडिलांनी हातोडा चालवला असणार. असे तडे वरून पुट्टी भरून कधीच जात नाहीत, वर्षभरात परत दिसतात. तिथला जेलकोट खरवडून काढायचा आणि मागून मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) रेझिनमधे भिजवून मारायची.

पुतण्या धुळ्याहून आला होता (तो ऑटो इलेक्ट्रिशियन आहे). म्हणे काका, सरळ इंजिन टाकून चालवू. त्याला म्हटलं आधी साचा, मग गाडी. त्याचं तोंड पडलं, पण कारण पुढे लिहितो.

३ मार्च

कारण हे. अशा छोट्या कंपनीचं स्वतःचं असं काय असतं? इंजिन कुर्ल्याच्या प्रीमियरचं, १०८९ सीसी. कार्ब्युरेटर सोलेक्सचा. मागचे दिवे कोणाचे, हँडल कोणाचं, काच कापून घेतलेली, सीटचं रेक्झिन रविवार पेठेतून. आम्हाला याची लाज वाटायची, पण शेठच्या केबिनमधे इंग्लंडच्या जुन्या मोटार मासिकांचा गठ्ठा असायचा, जेवणाच्या सुट्टीत आम्ही चाळायचो, इंग्रजी अर्धं कळायचं पण फोटो पूर्ण कळायचे, आणि तिथेही हाच प्रकार. लोटसच्या एस्प्रिटला आधी फिआट एक्स वन-नाइनचे मागचे दिवे, नंतर रोव्हरचे, दरवाजाची हँडल मॉरिस मरीनाची. एवढी मोठी नावं आणि हँडल साध्या घरगुती गाडीचं! मग आमची छाती जरा पुढे आली.

तर स्वतःचं असं एकच, बॉडीचा आकार, आणि तो आकार राहतो साच्यात. साचा असला तर कंपनी आहे, साचा गेला की बाकी सगळं बाजारात मिळतं ते सामान. आमचे साचे कंपनी बंद झाल्यावर शेडच्या मागे पावसात पडून होते, फायबरचा साचा तसा पाण्याने सडत नाही पण मागचा लाकडी सांगाडा कुजला की तो वाकतो, आणि वाकलेल्या साच्यातून दरवाजा बसेल अशी बॉडी निघत नाही. नंतर ते तोडून टाकले असं ऐकलं. म्हणजे आता तो आकार फक्त आमच्या विहिरीवर उरला होता. पुतण्या म्हणतो इंजिन टाका. इंजिन टाकून ठोकली कुठे तर संपलं ना सगळं.

१० मार्च

आज मोजमाप. जमीन लेव्हल करून, वीट-फळ्यांवर बॉडी ठेवून, ओळंबा सोडून दोन्ही बाजू मोजल्या. डावा पुढचा मडगार्ड उजव्यापेक्षा ८ मिमी वर आहे. मला आठवत होतं तेवढंच निघालं, जाम खूश झालो.

हे कसं झालं ते सांगतो. साचा ज्याच्यावरून काढतात त्या मूळ नमुन्याला आम्ही प्लग म्हणायचो, आणि आमचा प्लग केला होता पेणच्या एका मूर्तिकाराने. शेठने ड्रॉइंगवाला ठेवला होता पण त्याच्या कागदावरून फळ्यांचे काप उभे केले, त्यावर कोंबड्यांची जाळी ठोकली आणि प्लास्टर मारलं तर गाडी खोक्यासारखी दिसायला लागली. मग हा माणूस आणला, गणपतीचा सीझन नव्हता म्हणून आला. वय साठीच्या पुढे, गाडी चालवता येत नव्हती, बहुतेक गाडीत फारसा बसलाही नसेल. तो प्लास्टरवर ओला हात फिरवायचा, डोळे मिटून, पुढून मागे, मग परत मागून पुढे. पटाशीने जरा काढायचा, परत हात. संध्याकाळी शेडमधले दिवे बंद करून फक्त एक ट्यूबलाइट लांबीला लावायची, प्लगवर पाणी मारायचं आणि त्या ओल्या अंगावर ट्यूबची रेघ बघायची. रेघ सरळ पळाली तर काम बरोबर, कुठे डुचमळली तर तिथे खळगा नाहीतर उंचवटा. पोटाला भूक लागेपर्यंत तो ती रेघ बघत बसायचा. ट्यूब सरकवायचं काम माझं.

तर तो उजव्या हाताचा माणूस, डाव्या मडगार्डला त्याला उलट्या बाजूने उभं राहून काम करावं लागायचं आणि त्यात हा फरक आला. ड्रॉइंगवाल्याने पट्टी लावून दाखवलं. शेठ म्हणाले गिऱ्हाईक दोन्ही मडगार्ड एकदम कुठून बघणार आहे. आणि खरंच, समोर उभं राहिलं तरी कळत नाही, एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

पुतण्याचा एक मित्र जळगावला थ्रीडी स्कॅनिंग करतो, तो म्हणे काका एक बाजू स्कॅन करून आरसा मारला की दोन्ही सेम. म्हटलं मग ती तुझी गाडी होईल. साचा आहे तसाच निघणार, ८ मिमी सकट. यावर वाद नको.

२५ मार्च, धुळवड

कोणी येणार नाही म्हणून एकट्याने ग्राइंडर मारला. बद्द वाजणारे पट्टे आतून उघडे केले, कडा उतरत्या केल्या. ठिगळ उभ्या कडेला कधी धरत नाही, उतार लांब पाहिजे. फायबरची धूळ काय चीज असते ते ज्याला लागली त्यालाच माहीत. भोसरीला आम्ही कामाआधी हाताला भरपूर पावडर चोळायचो, कोपराच्या वरपर्यंत, आणि सुटल्यावर पहिली अंघोळ गार पाण्याची, गरम पाणी घेतलं की खाज आत जाते म्हणायचे. आज दोन्ही केलं तरी रात्री मान खाजवतोय. बाहेर पोरं रंग खेळून लाल-हिरवी आणि मी पांढरा.

७ एप्रिल

जळगावहून सामान आणलं. पॉलिएस्टर रेझिन, ३०० आणि ४५० ग्रॅमची मॅट, साच्यासाठीचा काळा टूलिंग जेलकोट, वॅक्स आणि पीव्हीए (साचा चिकटू नये म्हणून लावायचे), हार्डनर (रेझिन कडक करणारा), कोबाल्ट (ते काम वेगाने करवणारा). दुकानदार जुना माणूस निघाला, हार्डनर आणि कोबाल्ट एका पिशवीत देत होता त्याच्या पोराला त्याने असा दम दिला की मला आमचे मिस्त्री आठवले. हे दोन्ही सरळ एकमेकात पडले तर भडका होतो. कोबाल्ट आधी रेझिनमधे पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी, वापरायच्या ऐन वेळी. मिस्त्रींनी दोन कपाटं शेडच्या दोन टोकांना ठेवली होती आणि दोन चाव्या दोन माणसांकडे, आणि त्या दोघांनी एकाच वेळी चहाला जायचं नाही असा नियम. हसायचो आम्ही. पण तिथे कधी आग लागली नाही, एवढं खरं.

आता प्रश्न उन्हाचा आहे. भोसरीला आमचं रडगाणं उलटं होतं, जुलै-ऑगस्टमधे हवा ओली, मॅट दमट, रेझिन धरायचंच नाही, मग साच्यात शंभरचे बल्ब सोडायचे आणि शेडमधे रेझिनमधल्या स्टायरीनच्या वासाने डोकं उठायचं. इथे आज दुपारी एका डब्यात थोडं रेझिन दोन टक्के हार्डनर टाकून बघितलं तर ब्रश नीट भिजेपर्यंत त्याची खरवस झाली आणि डबा हातात धरवेना. म्हणजे हार्डनर एक टक्क्याच्या आसपास ठेवायचं, एका वेळी थोडंच कालवायचं आणि काम पहाटे, सूर्य उगवायच्या आत.

२१ एप्रिल

पॉलिश पेपर. चारशे, आठशे, हजार, मग बाराशे, सगळं पाण्याचं. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, खांदे गेले.

२८ एप्रिल

साचा एका तुकड्यात निघणार नाही. नाकाखाली जाळीची जागा आत वळते, तिथे साचा अडकतो. म्हणून नाकाचा भाग वेगळा, मधे प्लायची कड उभी करून शाडूने फटी भरल्या. ही कड म्हणजे दोन तुकड्यांचा जोड, तिथे नंतर बोल्ट येतील.

वॅक्सचे हात रोज चढवतोय, प्रत्येक हात वाळू द्यायचा मग फडक्याने चमकवायचा. यात घाई केली की साचा आणि बॉडी जन्माचे चिकटतात, मग करवतीशिवाय इलाज नाही.

रात्री झाकण लावायच्या आधी शेडमधले सगळे दिवे बंद केले आणि लांबीला एक ट्यूब धरायला पुतण्याला सांगितलं. डाव्या बाजूने रेघ नाकापासून दरवाजापर्यंत एकसारखी पळत गेली. पोरगं काही बोललं नाही, ट्यूब मात्र स्वतःहून परत मागे नेली आणि अजून एकदा बघितली.

५ मे

पहाटे साडेचारला सुरू. पीव्हीए स्पंजने, तो वाळल्यावर काळा जेलकोट. साच्याला काळा यासाठी की पुढे आत पांढरा-लाल जेलकोट मारताना कुठे पातळ राह्यलं ते लगेच दिसावं. जाडी अर्धा मिमीच्या वर, ब्रशचा हात एकाच दिशेने. उजाडेपर्यंत पूर्ण झालं. बोट लावून बघितलं, चिकट लागतं पण बोटाला येत नाही, हीच वेळ. त्यावर टिशूचा पातळ थर, मग ३०० ची मॅट. रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट, आणि रोलर. खरं काम रोलरचं आहे, ब्रशने भिजवणं कोणीही करतो. एक बुडबुडा आत राह्यला तर जेलकोटच्या मागे पोकळी, आणि ती बरोबर पहिल्या उन्हात फुटते.

१० मे, आखाजी (अक्षय तृतीया)

सुट्टी. खापराची पुरणपोळी, रस, झोपाळ्यावर पोरीबाळींची गाणी, आणि मागच्या गल्लीत पत्त्यांचा डाव जोरात. सोमवारी मतदान आहे तर डावातही राजकारणच चालू. साच्याला हात लावला नाही पण दोनदा जाऊन झाकण उचलून वास घेऊन आलो, वास कमी होत चाललाय म्हणजे पकतंय.

१९ मे

४५० चे थर, एका दिवशी एकच किंवा दोनच. सगळे एका दमात चढवले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि साचा वाकतो. ऊन ४४ च्या वर चाललंय, दुपारी शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. कडा मात्र मस्त कापल्या. रेझिन धरलं पण अजून कडक झालं नाही अशी मधली वेळ असते, तेव्हा साध्या चाकूने कड कापली जाते. ती वेळ चुकली की ग्राइंडर आणि परत खाज. भोसरीत या कामावर एक जण फक्त घड्याळ न बघता बसायचा, नखाने दाबून सांगायचा, "आता." इथे एवढ्या उन्हात ती वेळ चहाचा कप संपायच्या आत निघून जाते.

साचा बॉडीवर असतानाच मागे पाइपाचा सांगाडा लावला आणि मॅटने पक्का केला. या वेळी लाकूड नाही.

२ जून

निघाला! आधी कडेने लाकडी पाचरी, हलक्या हाताने, मग फटीत पाणी सोडलं, पीव्हीए पाण्याने विरघळतो म्हणून. बराच वेळ काही नाही, मग एकदम "फट्ट" असा आवाज आला, घरातून बायको बाहेर आली, तिला वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला. आत बघितलं तर काळं आरशासारखं, फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग मंद आलाय, तो घासून निघेल. कुंपणाबाहेर गर्दी जमली. एक म्हातारे बाबा विचारतात, "कितला पैसा लागनात?" सांगितल्यावर म्हणे एवढ्यात चांगली म्हैस आली असती. आली असती, खरं आहे.

१६ जून

धुळ्याला पद्मिनी बघून आलो. ऑक्टोबर २०२३ मधे मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, पेपरात फोटो आले, तेव्हापासून भंगारवाल्यालाही वाटतं की त्याच्याकडे खजिना आहे. ही गाडी उभी होती, पत्रा खाल्लेला, पण इंजिन हाताने फिरतंय. पत्रा खाल्लेला असला तरी आपलं काय जातं, पद्मिनीला वेगळी चॅसी नसतेच, तिची बॉडीच चॅसी, म्हणून तर आम्हाला पाइपाची करावी लागायची. व्हीलबेस तिचाच ठेवायचा, २३४० मिमी, पण इंजिन मागे सरकवायचं. त्यामुळे स्टिअरिंगवरचा गिअर जमत नाही, त्याचे दांडे पुरत नाहीत, खाली फ्लोअरला दांडा करावा लागतो. त्या काळात पुण्यात कितीतरी लोक फक्त तो फ्लोअर गिअर बघायला शेडमधे यायचे.

पुतण्याशी वायरिंगवर बोलणं झालं. त्याने पत्र्याच्या गाड्याच केल्यात, तिथे बॉडी हीच अर्थ (अर्थिंग), एक वायर दिव्याला दिली की दुसरी पत्र्यातून परत जाते. फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या काट्याला अर्थची वेगळी वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते. आमच्या सुरुवातीच्या एका गाडीत मागच्या दिव्यांची अर्थ ढिली होती तर ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा आणि इंडिकेटर दिला की टेल लॅम्प, कारण करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढायचा. गिऱ्हाईक डॉक्टर होते, म्हणाले गाडीला फिट येतात.

मग तो विचारतो नंबर मिळेल का. नाही मिळणार. तेव्हा आरटीओत अर्ज करून बॉडीचा प्रकार बदलून घ्यायचे, आमचा सगळा धंदा त्याच्यावर उभा होता. इंग्लंडातही तसंच होतं, गाडी सुट्या भागांचं किट म्हणून विकली तर परचेस टॅक्स लागायचा नाही म्हणून तिकडे एवढे छोटे कारखाने जगले, १ एप्रिल १९७३ ला व्हॅट आला आणि ती वाट बंद झाली. इकडे १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला, त्यात कलम ५२, आधी परवानगीशिवाय गाडी बदलायची नाही असं होतं, २००० च्या दुरुस्तीत कंपनीने दिलेली मूळ गाडी बदलायचीच नाही असं झालं. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं. लोक म्हणतात मारुतीने आम्हाला मारलं. मला तसं वाटत नाही, मारुती घेणारा माणूस आमच्याकडे कधी येतच नव्हता. आम्हाला कागदाने मारलं, आणि थोडं शेठच्या उधारीने.

कागद चूक आहे असंही नाही. फायबरची बॉडी धडकेत चुरा होते, आमच्या गाडीला ना कधी कोणी धडकवून बघितलं ना सीटचे पट्टे धड होते. त्यामुळे ही गाडी शेतात आणि फार तर भावाच्या जिनिंगच्या कंपाउंडमधे फिरेल, हायवेला नाही.

७ जुलै

पाऊस लागलाय, पेरणी झाली, चॅसी दिवाळीनंतर. चौरस पाइप आणून ठेवलाय, ग्रीस लावून.

मोटारघराला नवे पत्रे टाकले.

शिरपूरहून एका हॉटेलवाल्याचा फोन होता, त्याला रिसेप्शनला टेबल म्हणून गाडीचा पुढचा अर्धा भाग पाहिजे, त्याने कुठेतरी साच्याचा फोटो बघितला. पुतण्याला राग आला, मला नाही आला. साचा वापरात राह्यला पाहिजे. हॉटेलवाल्याला सांगितलं की अर्धी नाही, पूर्ण बॉडी काढून देतो, कापायची असेल तर तू काप. ॲडव्हान्स निम्मा, आणि रंग कोणता ते आत्ताच सांग, तो जेलकोटमधेच पडतो, नंतर मारत नाही.